बाबूच्या वहीतला बर्थ

आमची पिढी रेल्वेचं आरक्षण करायला शिकली तेव्हा बर्थ नेमका कुठे असतो, हे आम्हाला ठाऊक होतं. तो वहीत असायचा. गाडीगणिक, तारखेगणिक वही वेगळी, आणि ती ज्या खिडकीमागे तिथेच रांग. तासभर उभं राहिल्यावर "ही गाडी पलीकडे" एवढंच ऐकून परतणारा माणूस रोजचाच. परतीच्या आरक्षणासाठी दुसऱ्या टोकाच्या स्टेशनला तार जायची आणि उत्तर येईपर्यंत 'येताना कसं?' ही काळजी घरभर फिरायची.

आता पुण्यात अंथरुणात पडल्या पडल्या हावड्याहून सुटणाऱ्या गाडीचा बर्थ मिळतो. 1985 साली दिल्लीत संगणकीय आरक्षण आलं, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास, सिकंदराबाद इथे केंद्रं उभी राहिली. पण पाचही जणं शेजारी संस्थानांसारखी आपापल्या हद्दीत. 1994 साली सिकंदराबादला 'कॉन्सर्ट' ही नवी प्रणाली आली आणि 1999 पर्यंत पाचही केंद्रं जोडली गेली. गाड्यांचा हिशेब ज्याचा त्याच्याकडेच राहिला, मागणी मात्र कुठल्याही खिडकीतून कुठेही जाऊ लागली. हीच वितरित संगणक प्रणाली. ती बांधणाऱ्यांच्या अपेक्षा साध्या असतात: साधनं सगळ्यांना वापरता यावीत, गर्दी वाढली तर यंत्रं वाढवता यावीत, एक आजारी पडलं तरी बाकीच्यांनी गाडा ओढावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, आपलं काम किती यंत्रांनी मिळून केलं याचा गिऱ्हाइकाला पत्ताही लागू नये.

वहीचं तसं नव्हतं. ती एका वेळी एकाच बाबूच्या हातात, म्हणून एक बर्थ दोघांना जाणं अवघड. पण वही बाबूच्या हातात म्हणजे बर्थही बाबूच्याच हातात. 'फुल्ल' म्हणताना त्यानं पान उघडून पाहिलं की नुसतंच बोट टेकवलं, हे जाळीबाहेरून कळायचं नाही. आम्ही त्या वहीसाठी उसासे टाकतो खरे, पण ओळखीच्या माणसासाठी ती जरा लवकर उघडायची, हे सोयीस्करपणे विसरतो.

आज सकाळी दहाला तत्काळ उघडलं की एकाच बर्थवर देशभरातून बोटं पडतात. यंत्र त्यांना क्षणात एकामागे एक लावतं, एकाला देतं, बाकीच्यांना वेटिंग लिस्ट दाखवतं. म्हणजे रांग आहेच. फक्त पुढच्याची पाठ दिसत नाही. त्या पाठीवर कागद टेकवून फॉर्म भरता यायचा. पेन मागून घ्यायचं, टोपण आपल्याकडे ठेवून देणारा धूर्त गृहस्थ ओळखायचा, पिशवी जागेवर ठेवून चहाला जायचं आणि परत आल्यावर पिशवीसकट नंबर मागे सरकल्याचं पाहून भांडायचं.

मग प्रवासाच्या दिवशी डब्यावर चिकटवलेला तक्ता. गोंद ओलाच, नावांची स्पेलिंगं अचाट, त्यावर अख्ख्या कुटुंबाची बोटं. शेजारच्या बर्थवर 'एफ 21' दिसलं की आमच्यातले काही जण केस विंचरून यायचे. त्या एकवीस वर्षांच्या मुलीला फलाटभर आपलं वय वाचलं जाणं कसं वाटत असेल, हे आम्हाला कधी सुचलं नाही. 2018 साली मोठ्या स्टेशनांवर हे तक्ते चिकटवणं थांबलं. बरंच झालं. तरी मोबाइलवर बर्थ दिसत असतानाही आमचा हात डब्याच्या दाराशेजारी काहीतरी चाचपतोच.

लेस्ली लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञानं 1987 सालीच थट्टेनं म्हणून ठेवलं होतं की, जो संगणक अस्तित्वात आहे हेही तुम्हाला माहीत नव्हतं, तो बिघडल्यानं तुमचा बंद पडला, की समजावं आपण वितरित प्रणालीत आहोत. पूर्वी काम अडलं तर कारण समोर बसलेलं असायचं, पान खात. त्याला "साहेब, जरा बघा ना" म्हणता यायचं, आवाज चढवता यायचा, 'तक्रार पुस्तक द्या' अशी धमकी देता यायची. आता खिडकीतली मुलगी आमच्याइतकीच हताश होऊन पडद्याकडे बघते आणि सांगते, "काका, लिंक गेलीय." कुठली, कुठे, हे तिलाही ठाऊक नसतं. तिच्यावर ओरडून काय उपयोग? आम्ही ओरडतोच म्हणा.