मान सांभाळ

शेवटच्या महिन्यांत वडिलांना मी उचलून बाथरूमपर्यंत न्यायचो. एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. आई मागून सारखी म्हणायची, “मान सांभाळ.” मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा हा माणूस हाताला इतका हलका लागायचा की पोटात कालवायचं.

पुढे ‘लोगन’ चित्रपट पाहिला, 2017चा. ह्यू जॅकमनचा लोगन म्हाताऱ्या चार्ल्स झेव्हिअरला उचलून जिना चढतो, पलंगावर निजवतो. हजारो मनं वाचू शकणारा चार्ल्सचा मेंदू आजारानं पोखरलाय. औषध चुकलं, झटका आला, की आसपासच्या माणसांच्या जिवावर बेततं. लोगनच्या मुठीतून पोलादी पाती निघतात, पण इथे त्यांचा काय उपयोग? इथे फक्त पांघरूण घालायचं असतं.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’चा शिक्का मिळाला. 17 वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. रक्त भरपूर आहे, आणि मारण्याचं ओझं मारणाऱ्यावर कसं साचत जातं ते दाखवायला काही ठिकाणी ते लागतंच. पण माझ्या मनात राहिला तो जिना. मुलांना खुर्चीत धरून ठेवायची सक्ती नसली की प्रसंग निवांत रंगवता येतात, असं दिग्दर्शक जेम्स मॅनगोल्ड यांचंही म्हणणं आहे. त्या शिक्क्यानं त्यांना खरी दिली ती सवड.

पण शिक्क्यावाचून सवड मिळतच नाही, हे मला मान्य नाही. सॅम रायमींचा 2004चा ‘स्पायडर-मॅन 2’ तिकडे ‘पीजी-13’ आहे. 13 वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी विशेष काळजी घ्यावी, एवढंच. भरधाव रेल्वे जाळ्यांनी ओढून थांबवताना स्पायडर-मॅनचं, म्हणजे पीटरचं, अंग पिळवटून निघतं. मुखवटा गेलेला असतो. शुद्ध हरपून तो पुढे कोसळणार, तोच मागून प्रवाशांचे हात येतात. डोक्यांवरून, हातोहात, ते त्याला आत नेतात, खाली निजवतात. आपल्याला वाचवणारा हा एवढासा पोरगा, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात येतं. दिग्दर्शक घाई करत नाही, चेहरे बघू देतो.

वडील होते तेव्हाच हा चित्रपट घरी टीव्हीवर लागला होता. आठ वर्षांची माझी मुलगी शेजारी बसली होती. आजोबांना उचलताना ती रोज दाराशी टॉवेल धरून उभी असायची. प्रवाशांनी पीटरला वर उचललं, तशी ती ताडकन उठली आणि पडद्याकडे बघून ओरडली, “मान धरा त्याची!”