एका वेळी एकच डबा

पोस्ट जरा लांबली आहे, चहा घेऊन बसा.

नॉटिंगहॅमकरांना वॉरहॅमर म्हणजे काय ते सांगायला नको. ज्यांच्या घरात हा प्रकार अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंगठ्याएवढे प्लास्टिकचे सैनिक आणायचे, चौकटीतून कापून काढायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि मग टेबलावर टेपने इंच मोजत, फासे टाकत त्यांची लढाई खेळायची. मूळ खेळ 1983 चा, त्यातला अंतराळातला '40,000' हा 1987 चा. आणि ते बनवणाऱ्या कंपनीचं मुख्यालय आमच्याच गावात! त्यामुळे सुटका नाही. चिरंजीव चौदा वर्षांचे आहेत, अकराव्या वर्षापासून हे वेड आहे.

फेब्रुवारीत, 31 जानेवारीची टॅक्स रिटर्न्सची धामधूम संपल्यावर, मी बॉक्स रूम आवरायला घेतली. कपाटात एकावर एक नऊ डबे. आता सीए बाईला मोकळा शनिवार मिळाला की ती काय करणार? स्टॉक मोजला. एकूण सैनिक 184. पूर्ण रंगवलेले 26. चिकटवून तसेच राखाडी उभे 71. उरलेले 87 अजून चौकटीतच. एक डबा तर सीलबंद. या छंदातली मंडळी अशा ढिगाला 'लाजेचा ढीग' म्हणतात. मी एक्सेलमध्ये 'वर्क इन प्रोग्रेस' असं लिहिलं.

संध्याकाळी शीट त्याच्यापुढे ठेवली आणि नियम जाहीर केला: एक डबा पूर्ण झाल्याशिवाय नवा मिळणार नाही. माझ्या मते अत्यंत वाजवी नियम. तो "ओके" म्हणाला आणि पुढचे पाच आठवडे त्याने ब्रशला हातच लावला नाही. भांडण नाही, रडारड नाही. नुसतं बंद. नवरा म्हणाला, "अगं, तू त्याच्या छंदाचं ऑडिट केलंस." मला राग आला. बरोबर बोललेल्या माणसाचा येतो तसा.

तरी खोड जाईना. शीटमध्ये किमतीचा कॉलम रिकामा होता म्हणून एका रात्री कार्डाची जुनी स्टेटमेंट्स उघडली. नऊपैकी सात डबे माझ्या कार्डावर. हरकत नाही. पण तारखा? सप्टेंबरअखेर, डिसेंबरअखेर, जानेवारीअखेर. परत सप्टेंबर, परत जानेवारी. जे इथे अकाउंट्समध्ये आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. कंपन्यांचे हिशेब आणि लोकांची रिटर्न्स भरायच्या आमच्या शेवटच्या तारखा. ज्या ज्या महिन्यात मी रात्री दहाला घरी आले, त्या त्या महिन्यात एक डबा आला होता. ढीग त्याचा, एंट्री माझ्या नावावर.

दुसऱ्या दिवशी गाडीत त्याला हे सांगितलं. गाडीत बरं असतं, एकमेकांकडे बघावं लागत नाही. तो म्हणाला, "मला माहितीये." मग थोड्या वेळाने, "आई, डबा उघडायला मजा येते. चिकटवायला एकट्याला येतं. रंगवायला खूप वेळ लागतो, तेव्हा कोणीतरी बाजूला लागतं." सिग्नल हिरवा झालेला मला दिसलाच नाही. मागच्याने हॉर्न दिला. इथे हॉर्न देतात म्हणजे बघा.

मग त्याला माझी जुनी गोष्ट सांगितली. फायनलला मी दोन्ही ग्रुप एकदम दिले होते, कारण एका ग्रुपचे जास्तीचे मार्क दुसऱ्याला सावरतात. दोनदा दिले, दोनदा आपटले. तेव्हा बाबा म्हणाले, "एक ग्रुप काढ. दुसरा कुठे पळून जात नाही." आणि ते नुसतं सांगून थांबले नाहीत. रात्री मी वाचत असायचे तेव्हा समोर पेपर घेऊन बसायचे. तोच पेपर, सकाळी वाचून झालेला. इतक्या वर्षांत मी सगळ्यांना बाबांचं वाक्यच सांगत आले होते. त्या बसण्याचं कधी सांगितलं नव्हतं.

तर आता आमचं असं चाललंय. आठ डबे लॉफ्टवर, नजरेआड. खाली फक्त एक, सगळ्यात जुना: दहा नेक्रॉन वॉरियर, म्हणजे धातूचे सांगाडे. नवशिक्यांना हे सोपे. आधी चंदेरी स्प्रे, मग काळं पातळ वॉश, जे खाचांत उतरतं, आणि वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर उजळ रंग. दहाचे दोन गट केले, पाच-पाचचे. वीस-वीस एकदम घेतले की विसाव्या पट्ट्याला माणूस छंद सोडतो, हे त्याचं मत. आणि 'झालं' कशाला म्हणायचं ते आधीच ठरवलं. 40,000 मध्ये सगळं सैन्य ठरावीक दर्जापर्यंत रंगवलेलं असेल तर लढाईत दहा गुण मिळतात. तेवढं झालं की झालं. डोळ्यांतली बुबुळं वगैरे नाही. (नेक्रॉनना बुबुळं नसतातच, पण मुद्दा कळला असेल.)

दर रविवारी पाच ते सहा. मी पायथे रंगवते, म्हणजे सैनिक उभा असतो ती गोल चकती. गोंद लावून वाळू चिकटवताना लहानपणचा दिवाळीतला किल्ला आठवला. वाड्यात आम्ही वर्षाला एकच किल्ला करायचो. बुरूज कलंडलेला असो की अळीव उगवलेलं नसो, वसुबारसेला मावळे मांडले जायचेच. पुण्याला फोन केला की बाबा आता नातवाला विचारतात, "किती मावळे झाले रे?" तो सुधारत नाही, आकडा सांगतो.

सगळं सुरळीत आहे असं नाही. दुसरे पाच चालू असताना सप्टेंबर आला आणि माझे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते, तर हा ट्रे घेऊन आला आणि न विचारता समोर मांडून बसला. क्लायंटच्या ट्रायल बॅलन्सच्या प्रिंटवर काळ्या वॉशचा थेंब पडला. तो कागद मी परत प्रिंट केला, आणि डाग पडलेला माझ्याकडे ठेवलाय.

गेल्या रविवारी दहावा झाला. 26 चे 36. पुढचा डबा कुठला यावर घरात दोन मतं आहेत. मला ऑर्क हवेत, हिरव्या रंगाचा मला हात बसेल असं वाटतंय. त्याला सीलबंद डबा उघडायचाय. लॉफ्टची शिडी काढून ठेवली आहे.