बेट निवडताना

ग्रीसला जायचं ठरलं तेव्हा घरात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सान्तोरिनीची पांढरी घरंच होती. बेटं मात्र हजारोंनी. त्यातली माणसांच्या वस्तीची सव्वादोनशेच्या आसपास. जुलै-ऑगस्टात मेल्तेमी वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून आम्ही मे महिना धरला. शेंगेन व्हिसाची कागदपत्रं जमवता जमवता (कितीही जमवा, एक कमीच पडतो!) क्रीटचा इतिहास वाचायला घेतला आणि तिथंच अडकलो.

क्रीटचे बहुतेक मुसलमान घरीदारी ग्रीकच बोलत. १९२३ च्या लोझान इथल्या करारानं लोकांची अदलाबदल ठरवली ती धर्मावरून. भाषा कुणी विचारली नाही. तोवर उरलेले सगळे तुर्कस्तानात गेले, तिथं त्यांची ग्रीक परकी ठरली. ‘तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?’ हे ऐकतच वाढलेल्या आम्हाला ते पान उलटवेना. ऱ्होड्स तेव्हा इटलीकडे होतं, म्हणून तिथले मुसलमान वाचले. आजही थोडे आहेत.

अम्मी म्हणाल्या, “सान्तोरिनी राहू द्या.”

आता पिरेयसहून रात्रीची बोट, सकाळी हानिया. तिथल्या बंदरावर घुमटाची जुनी मशीद उभी आहे, मिनाराशिवाय. मग ऱ्होड्स. मुलांची तक्रार नाही. समुद्र दोन्हीकडे आहे.