काटा पडला का?

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये पाण्याचे नळ भिंतीच्या बाहेरून जायचे. लोखंडी पाइप, त्यावर वर्षानुवर्षांच्या रंगाची पुटं, आणि भिंतीत लाकडी गुल्ली ठोकून आवळलेले क्लॅम्प. शोभेच्या नावानं शून्य. पण घरात पाणी कुठून येतं आणि मोरीतून कुठं जातं, हे शाळकरी पोरसुद्धा बोटानं दाखवायचं. जोड गळायला लागला की आधी एक थेंब लोंबकळायचा, मग खालच्या चुन्यावर तांबूस ओघळ उतरायचा. आई तिथं तांब्या लावून ठेवायची आणि वडील ड्यूटीवरून आले की सांगायची, "तेवढा नळ बघा." गळती शोधणं असं काही काम तेव्हा नव्हतंच. ती समोर यायची.

दौंड हे मुळात पाण्यावर चाललेलं जंक्शन. १८७८ साली दौंड-मनमाड लाइन सुरू झाली, आणि कोळशाच्या इंजिनांच्या काळात मोठ्या स्टेशनवर इंजिनाला पाणी पाजायची सोय नसेल तर गाडी पुढं जायची नाही. भीमेच्या काठचं गाव, त्यामुळे पाणी होतं. टाक्या, जाड बिडाचे पाइप, फलाटाच्या टोकाला वळत्या मानेचे पाण्याचे खांब. एवढा पसारा सांभाळायला फिटर लागत. ते फिटर मोठ्या शिस्तीचे, कारण त्यांच्या कामाची परीक्षा बॉयलरवर व्हायची. दुरुस्त केलेला बॉयलर वाफेवर घेण्याआधी पाण्यानं गच्च भरायचा, हातपंपानं रोजच्या दाबापेक्षा वर न्यायचा आणि काट्याकडं बघत थांबायचं. पाणीच का, तर पाणी दाबलं जात नाही. कुठं फाटलं तर चिळकांडी उडते आणि दाब तिथंच संपतो. हवा किंवा वाफ कोंडलेली असताना फाटलं तर तो स्फोट. हे ज्ञान त्या लोकांच्या हातात होतं, आणि सुट्टीच्या दिवशी तेच हात गावातल्या घरांचे नळ जोडायला यायचे.

त्या जोडणीचा थाट बघण्यासारखा असे. अंगणात पाइप व्हाइस रोवलेला. पाइपाच्या टोकाला डाय चढवून, तेलाचे थेंब सोडत आटे पाडायचे. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. लोखंडाच्या कुरळ्या चिपट्या जमिनीवर पडायच्या, त्या आम्ही पोरं गोळा करायचो. मग आट्यांवर सुतळीचे तंतू गुंडाळायचे, तेही आट्याच्याच दिशेनं, कारण उलटे गुंडाळले तर सॉकेट आवळताना ते बाहेर येतात. त्यावर सफेद्याचा लेप. मग दोन पाने, एक धरायला, एक फिरवायला. किती आवळायचं याचं माप मनगटात. जास्त आवळलं की बिडाचा एल्बो चिरतो, कमी आवळलं की रडतो. पुढं टेफ्लॉनची पांढरी टेप आली तेव्हा जुन्या मिस्त्रींनी नाकं मुरडली. सुतळी पाण्यानं फुगून जोड आणखी घट्ट करते, टेप काय करणार, असा त्यांचा सवाल होता. तो अगदीच चुकीचा नव्हता.

टेस्टिंग म्हणजे काय, तर संध्याकाळी गच्चीवरची टाकी भरायची, सगळे नळ बंद ठेवायचे आणि रात्रभर तसंच सोडायचं. जोडांखाली फरशीवर चुलीतली कोरडी राख भुरभुरवायची. सकाळी राखेत काळा ठिपका दिसला की वरचा जोड सापडला. शंका असेल तिथं वर्तमानपत्राचा कागद फिरवायचा. डोळ्याला न दिसणारी ओल कागद धरतो. आणि जमिनीखालून गेलेल्या लाइनीचा संशय असला तर रात्री सामसूम झाल्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाइपावर आणि मूठ कानाला. आत पाणी वाहत असेल तर बारीक सूं ऐकू येतो. काही मिस्त्री लाकडी काठी वापरत. त्यांचं म्हणणं, लोखंडाला सगळंच ऐकू येतं, लाकडाला पाहिजे तेवढंच.

हिशेबानं बघितलं तर ही परीक्षा मवाळच होती. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ साधारण १ किलोचा दाब देतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १ किलो. दुमजली घराच्या टाकीतून खालच्या नळाला पाऊण किलोही मिळत नसे. त्या जोडांना उभ्या आयुष्यात तेवढाच भार सोसायचा होता, म्हणून तेवढ्यावरच तपासायचे. शिवाय लोखंडाची एक सवलत होती. बारीक पाझर असेल तर मिस्त्री पाना खिशात घालत म्हणायचा, "राहू द्या वहिनी, दोन दिसांत गंज धरंल, आपोआप बंद होतंय." आणि व्हायचंही! आमच्या भागातल्या विहिरी-बोअरचं जड पाणी तर आटे क्षारानं असे चिणून टाकायचं की पुढं तो जोड उघडायला पान्याला पाइपाची नळी लावून दोघांना लोंबकळावं लागे.

त्या जुन्याचं फार कौतुकही करू नये. तोच गंज आतूनही चढायचा. पहाटे पहिलं पाणी चहाच्या रंगाचं यायचं, आणि पंधरा-वीस वर्षांत अर्ध्या इंचाच्या पाइपात काडी जाईल एवढंच भोक उरायचं. तेव्हा गळत नव्हतं याचं एक कारण, वाहतच नव्हतं.

नोकरीच्या निमित्तानं मी शिरूरला आलो, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी घोडनदीला. न्हावरा, चौफुला करत दौंडला जाणारी एसटी तेव्हा भीमा ओलांडून बराच वेळ घ्यायची. शिरूरचं जुनं गाव वाडे-चाळींचं. १८१७ साली इंग्रजांची छावणी इथं होती आणि कोरेगावच्या लढाईला गेलेली पलटण इथूनच निघाली होती. पण मी आलो तेव्हा गावाला झोप होती. रांजणगावला एमआयडीसी आली, फ्रिज, टीव्ही, मोटारी तिथं बनायला लागल्या आणि ती झोप मोडली. कामगारांना राहायला घरं हवी झाली. बायपासच्या अंगाला चार मजली, मग सात मजली इमारती उठल्या. कुरकुंभच्या कारखान्यांनी दौंडच्या बाजूला तेच केलं. आणि नळ भिंतीत शिरले.

भिंतीत झिरी मारायची, पाइप बसवायचा, वर प्लास्टर, वर टाइल. लोखंड तिथं परवडत नाही, म्हणून आधी काही वर्षं पीव्हीसी आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी सीपीव्हीसी, जो गिझरचं गरम पाणीही सोसतो. आटे नाहीत, सुतळी नाही, सफेदा नाही. पाइप कापायचा, कडा साफ करायची, सोल्युशन लावायचं, फिटिंगमध्ये घालून पाव फेरा फिरवायचा, थोडा वेळ दाबून धरायचं. एका दुपारी अख्ख्या फ्लॅटची लाइन. काम सोपं झालं आणि चूक लपायला जागा मिळाली. घाईत एखाद्या एल्बोला सोल्युशन लावायचंच राहून गेलं, तर तो नुसत्या घट्टपणावर उभा राहतो. कमी दाबाला गळतही नाही. घर सजतं, वास्तुशांत होते, आणि मग एका रात्री तो निसटतो. त्याला गंज चढत नाही, त्यामुळे तो आपोआप बंदही होत नाही.

म्हणून राखेच्या जागी आता लाल डब्याचा हातपंप आला. दौंडच्या शेडमधल्या पंपाचाच हा धाकटा भाऊ. टेस्ट नीट कशी लागते ते बघायला मला अजून आवडतं. गरम आणि गार लाइन एकमेकींना लूप मारून जोडतात, म्हणजे एकाच वेळी दोन्ही तपासता येतात. सगळ्या तोंडांना एंड प्लग. सर्वांत वरचा प्लग तेवढा सैल. पाणी सोडलं की तिथून आधी फुर्र फुर्र हवा येते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सलग धार. तेव्हा तो प्लग आवळायचा. ही हवा काढायची अक्कल जुनीच आहे. कात्रजहून पुण्यात पाणी आणणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या नळालाही उच्छ्वास बांधले होते. लाइनीत हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दबते, काटा खोटं बोलतो, आणि प्लॅस्टिकचा पाइप फुटला तर तुकडे उडतात. कंपन्याही सांगतात की कॉम्प्रेसरच्या हवेनं टेस्ट करू नका. तरी घाईवाले करतात.

मग दांडा मारायचा. काटा २ वर, ४ वर, ६ वर. सात मजल्यांच्या इमारतीत तळमजल्याला जेमतेम २ किलो येणार, पण कुणी ६ किलो धरतं, कुणी १०. पहिल्या काही मिनिटांत काटा थोडा उतरतो. पाइप ताणतो, राहिलेली हवा विरते, त्यात घाबरायचं कारण नाही. पुन्हा दाब भरायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा आणि गेजशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं आकडा आणि वेळ लिहायची. शिरूरच्या उन्हात गच्चीतली लाइन तापली की काटा आपोआप वर चढतो आणि रात्री उतरतो, म्हणून खरा माणूस सकाळी लावलेली टेस्ट दुसऱ्या दिवशी सकाळीच बघतो. त्याहून खरा माणूस प्लास्टर आणि टाइल होईपर्यंत दाब तसाच ठेवतो. टाइलवाल्याच्या छिन्नीनं किंवा दरवाजेवाल्याच्या ड्रिलनं पाइप फोडला तर त्याच क्षणी कळतं, आणि फोडणाराही समोर असतो.

असे कमी. बहुतेक साइटवर टेस्ट आता मोबाइलसाठी असते. दांडा मारायचा, काटा ६ वर आणायचा, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. तासाभरानं काटा कुठं होता, याचा फोटो कुणी मागत नाही. नळ जोडणारी माणसंही बदलली. दौंडचा फिटर गेला. आता साइटवर भेटतो तो बऱ्याचदा ओडिशातल्या केंद्रापाड्याचा. त्या जिल्ह्याचा हा पिढ्यांचा धंदा, पट्टामुंडईला प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थासुद्धा आहे. ही पोरं हुशार आहेत, कामाला चोख आहेत. पण ठेका पॉइंटच्या हिशेबानं असतो, आणि काट्याकडं बघत थांबण्याचा पॉइंट कुणी मोजत नाही. रेल्वेच्या फिटरला थांबण्याचाही पगार होता, हा सगळा फरक मला तरी तिथं दिसतो.

आणि गळती आता आपली राहिलेली नाही. पूर्वी माझा नळ माझ्याच भिंतीवर ओघळ काढायचा. आता माझ्या न्हाणीतलं पाणी खालच्या जोशीकाकूंच्या किंवा शिंदेवहिनींच्या देवघराच्या छतावर नकाशा काढतं. मला काहीच दिसत नाही, त्यांना सगळं दिसतं. मग सोसायटीची मीटिंग. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामायिक पाइपाची आणि पावसाची गळती सोसायटीच्या खर्चानं काढायची, फ्लॅटमधल्या संडास-सिंकची सभासदाच्या. पण ही गळती नेमकी कुठल्या खात्यातली? त्यासाठी पुन्हा तोच पंप वर येतो. प्रेशर लाइन आधी लावायची. काटा टिकला तर नळ निर्दोष. मग ड्रेनेज बंद करून फरशीवर पाणी भरून ठेवायचं आणि खाली ओल वाढते का बघायचं. बऱ्याचदा गुन्हेगार पाइप नसतोच. नहाणी ट्रॅपच्या भोवतालची फट किंवा टाइलच्या सांध्यातून झिरपलेलं पाणी निघतं. तोवर दोन घरांची हळदीकुंकवाची आमंत्रणं बंद झालेली असतात. नव्या घराचं ठीक आहे, २०१६ च्या रेरा कायद्यानं ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवला तर बिल्डरला ३० दिवसांत स्वखर्चानं दुरुस्त करावा लागतो. सहाव्या वर्षी देवघराचं छत ओलं झालं, की पंप आणि भांडण दोन्ही आपल्याच खिशातून.

खेड्यात मात्र जुनं दृश्य अजून सापडतं. २०१९ ला जलजीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटरचं गणित घेऊन, आणि वाड्यावस्त्यांवर काळे एचडीपीई पाइप चरात पडले. चांगला अभियंता असेल तर चर बुजवण्याआधी मधला भाग मातीनं दाबून जोड उघडे ठेवतो आणि दाब देतो. जोड उघडे म्हटल्यावर अख्खी वस्ती चराच्या काठावर उभी. म्हातारीकोतारी वाकून बघतात, पोरं ओरडतात, "हितं गळतंय, हितं!" त्या टेस्टमध्ये फोटोची लबाडी चालत नाही.

माझ्या मुलीनं बायपासच्या बाजूला फ्लॅट घेतला तेव्हा तिला मी एकच काम सांगितलं होतं: झिऱ्या बुजायच्या आधी प्रत्येक भिंतीचा, टेप धरून, फोटो काढून ठेव. तिनं काढले. परवा किचनच्या ट्रॉल्यांचा सुतार ड्रिल घेऊन उभा राहिला, तेव्हा तिनं फोन उघडून त्याला दाखवलं की ओट्यापासून ४५ सेंटिमीटरवर आडवी लाइन आहे, त्याच्या वर भोक पाड. त्यानं मान डोलावली आणि बाथरूममधल्या आरशासाठी कुठं पाडू म्हणून विचारलं. बाथरूमचा फोटो नाही. ती भिंत ठेकेदारानं रविवारी, कुणी नसताना, टेस्ट न लावताच बुजवली होती. आरसा सध्या वॉश बेसिनवर टेकवून ठेवलाय.