दादा, लेसोथोत ये, पण सवलतीच्या भरवशावर नको

जोहान्सबर्ग

प्रिय दादा,


तू सरळ विचारलंस, तेव्हा मीही सरळच सांगते. इचलकरंजीतलं शिलाई युनिट सांभाळून दुसरं छोटं युनिट लेसोथोत टाकावं का? माझं मत, टाकावं. पण ‘तिथून अमेरिकेला माल पाठवला की ड्यूटी लागत नाही’ हे त्या एजंटाने तुझ्या डोक्यात भरवलंय ना, तेवढ्यावर विसंबून एक मशीनसुद्धा हलवू नकोस. का ते नीट सांगते.

हा देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे 30,000 चौरस किलोमीटर. लोकसंख्या जेमतेम 23 लाख, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याहूनही कमी. इथली सर्वांत सखल जागा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,400 मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीला यांचा तळ लागतो. एकोणिसाव्या शतकात बोअर लोकांशी झालेल्या लढायांत कॅलेडन नदीपलीकडची कसदार जमीन गेली आणि इथल्या बसोथो लोकांच्या वाट्याला मुख्यतः डोंगर उरले. शेतीवर पोट भरेना, म्हणून पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत उतरले. एके काळी इथले लाखाहून जास्त पुरुष तिकडे राबत होते आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर गावं जगत होती. 1990 नंतर खाणींनी माणसं कमी केली, तशा घरच्या बाया कमवायला बाहेर पडल्या आणि कपड्यांच्या कारखान्यांत गेल्या.

त्या कारखान्यांना मोठं केलं ते अमेरिकेच्या 2000 सालच्या ‘अगोआ’ कायद्याने. आफ्रिकेत शिवलेला कपडा अमेरिकेत बिनशुल्क जाऊ लागला. लेसोथोसारख्या गरीब देशांना तर कापड कुठूनही आणायची मुभा होती. तैवानी उद्योजक आले, त्यांनी मासेरू आणि मापुत्सोए इथे लाइनी टाकल्या. जगभर खपणाऱ्या ब्रँडच्या जीन्स या डोंगरात शिवल्या जाऊ लागल्या. 2004 च्या सुमारास जवळपास 50,000 लोक या धंद्यात होते. एवढ्याशा देशात खासगी क्षेत्रातला दुसरा कुठलाच धंदा इतक्या हातांना काम देत नव्हता.

आता दुसरी बाजू ऐक. 1 जानेवारी 2005 ला जगभरातली कापडाची कोटा पद्धत संपली. चिनी माल मोकळा झाला आणि इथले कारखाने भराभर बंद पडले. त्यातून कसेबसे सावरले, तर 2 एप्रिल 2025 ला अमेरिकेने लेसोथोवर 50 टक्के आयातशुल्क जाहीर केलं. त्या यादीत याहून मोठा दर कुणालाच नव्हता. या लोकांचा गुन्हा काय, तर ते अमेरिकेला भरपूर कपडा विकतात आणि गरिबीमुळे तिच्याकडून फारसं काही विकत घेऊ शकत नाहीत. शुल्काचं सूत्रच व्यापारी तुटीवर बेतलेलं होतं. ऑगस्टमध्ये दर 15 टक्क्यांवर आला, पण तोवर ऑर्डरी थांबल्या होत्या, लाइनी बंद पडल्या होत्या. जुलैमध्ये सरकारला बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. सप्टेंबरअखेर ‘अगोआ’ची मुदतही संपली. पुढे कुणी ती वाढवो, पुन्हा वाढवो. जी सवलत दूरच्या संसदेच्या मर्जीवर टिकते, तिच्यावर कर्ज काढून मशिनी घ्यायच्या नसतात.

या देशाचं खरं दुखणं इथेच आहे आणि ते मला मनापासून सलतं. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा वाटा येतो 1910 पासून चालत आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या सीमाशुल्क संघातून. शेजाऱ्याची आयात घटली की इथल्या तिजोरीला खड्डा पडतो. नाणं आहे ‘लोटी’, पण त्याची किंमत दक्षिण आफ्रिकेच्या रँडला एकास एक बांधलेली. विजेचं तेच. मुएला जलविद्युत केंद्र 72 मेगावॉटचं आहे, गरजेची बाकीची बहुतेक वीज बाहेरून घ्यावी लागते. आणि पाणी? दक्षिण आफ्रिकेशी झालेल्या 1986 च्या करारानुसार बांधलेल्या कात्से धरणाची भिंत 185 मीटर उंच आहे. तिथलं पाणी 1998 पासून बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या बाजूला येतं. मी रोज जे पाणी पिते त्यात लेसोथोचा वाटा आहे. त्याचं स्वामित्वधन त्यांना मिळतं, पण धरणाजवळच्या कित्येक वाड्यांतल्या बाया अजून झऱ्यावरून पाणी आणतात. धरण उशाला आणि कोरड घशाला, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

मग मी ‘टाकावं’ का म्हणते?

पहिलं कारण गिऱ्हाईक. अमेरिकेकडे बघायचं सोड. मापुत्सोएहून पूल ओलांडला की दक्षिण आफ्रिका. सीमाशुल्क संघामुळे मधे ड्यूटी नाही, लोटी-रँडमुळे चलनाचा धोका नाही. कामगारांचे गणवेश, शाळेचे कपडे, दुकानांच्या साखळ्यांचा माल असं काम करणारी युनिटं लेसोथोत आहेत आणि त्यांना अमेरिकी शुल्काची झळ फारशी लागली नाही. तुझा हातखंडा गणवेशातच आहे. फक्त कापड डर्बनच्या बंदरातून ट्रकने शेकडो किलोमीटर यायचं, त्यामुळे ते वेळेवर न आल्यास लाइन बसून राहील, हा खर्च आधीच धर.

दुसरं कारण लोकर. मोहेअर म्हणजे अंगोरा शेळीची लोकर. तिच्या उत्पादनात दक्षिण आफ्रिकेखालोखाल जगात लेसोथोच आहे. ती बहुतेक कच्चीच लिलावाला जाते. ज्या ब्लँकेटवरून बसोथो माणूस लांबून ओळखू येतो, ते ब्लँकेटसुद्धा विणलं जातं दक्षिण आफ्रिकेत! 2018 मध्ये सरकारने विक्री देशातच करायची सक्ती केली, पण मेंढपाळांचे पैसे अडकले आणि ते रस्त्यावर उतरले. सक्तीने ते साधणार नव्हतंच. रोख दाम देणारा आणि सूत-विणकाम जाणणारा कारखानदार हवा. आपल्या गावाने मागावर आयुष्य काढलंय. लोकरीचं तंत्र वेगळं आहे, शिकायला वेळ लागेल, पण ही वस्तू त्यांची स्वतःची आहे आणि ती कुठल्या सवलतीवर जगत नाही.

तिसरं कारण न्यायालय. धरण प्रकल्पाचे प्रमुख मासुफा सोले यांनी परदेशी कंपन्यांकडून लाच घेतली. 2002 मध्ये त्यांना शिक्षा झाली. त्यावर न थांबता या चिमुकल्या देशाने लाच देणाऱ्यांनाही कोर्टात खेचलं. कॅनडाची एकर्स आणि जर्मनीची लामायर या बड्या कंपन्या दोषी ठरल्या आणि पुढे जागतिक बँकेनेही दोघींना कामं द्यायचं बंद केलं. सरकारं इथे वरचेवर बदलतात, हे खरं. पण ज्या देशात असा निकाल लागू शकतो, तिथे कायद्याने धंदा करणाऱ्याला पाय रोवता येतील.

आणि सर्वांत महत्त्वाचं, माणसं. शिवणाऱ्या बहुतेक बाया आहेत, दोन दशकांचा सराव असलेल्या, आणि आज कितीतरी जणी घरी बसून आहेत. साधारण दर पाच प्रौढांमागे एक जण एचआयव्हीसह जगतो, तेव्हा औषधासाठी रजा आणि दवाखान्याची सोय हा तुझ्या खर्चाचाच भाग समज. 2019 मध्ये एका मोठ्या समूहाच्या कारखान्यांत सुपरवायझरांकडून होणारी लैंगिक छळवणूक उघड झाली. कामगार संघटना, महिला संघटना आणि ब्रँड यांनी मिळून करार करायला लावला, स्वतंत्र चौकशीची व्यवस्था उभी केली. तू पहिल्या दिवसापासून तसाच नियम लाव. स्वस्त मजुरी म्हणून या बायकांकडे बघणार असशील तर येऊच नकोस, हे तुझी बहीण म्हणून सांगते.

आता कामाचं. अमेरिकी सवलत शून्य धरून कॉस्टिंग काढ. दक्षिण आफ्रिकेतलं एक तरी गिऱ्हाईक लेखी मिळव. त्या एजंटाला बाजूला ठेवून स्वतः ये. मापुत्सोएत आठवडाभर राहू, कामगार संघटनेच्या लोकांशी बोलू, मेंढपाळांकडे जाऊ. एवढं करूनही हिशेब जुळला, तर माझी बचत मी तुझ्या युनिटमध्ये घालीन. मला नफा हवाच आहे. पण ज्या देशाला आजवर बहुतेकांनी सवलत असेपर्यंतच जवळ केलं, तिथे ती गेल्यावरही टिकणारं काहीतरी आपल्या हातून उभं राहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आई-बाबांना आणि वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण