लहान मार्गाची थोरवी

फ्रान्समधील लिझ्यू येथील कार्मेल मठात, म्हणजे मौन व प्रार्थनेला वाहिलेल्या संन्यासिनींच्या आश्रमात, १८८८ मध्ये वयाच्या १५व्या वर्षी प्रविष्ट झालेल्या संत तेरेझा यांनी ‘लहान मार्ग’ आचरिला. मोठ्या पराक्रमाची वाट न पाहता हाती येईल ते साधे काम ख्रिस्तप्रेमापोटी मनापासून करणे, हा त्याचा अर्थ होय. एका जराजर्जर, किरकिऱ्या भगिनीला त्या रोज संध्याकाळी सावकाश भोजनगृहात नेत. तिच्या अधू हातांना पाव कापवत नाही हे ध्यानी येताच तो कापून देत आणि निघताना प्रसन्नपणे हसत. कौतुकाची आशा नसताना, तेही न रुचणाऱ्या माणसाला, दाखविलेल्या अशा मायेतच श्रद्धेची खरी कसोटी लागते.