आकांक्षा, योग्यता आणि संनिधि

आमच्या धाकट्या बंधूंनीं 2005 सालीं फावल्या वेळांत संगणकावर एक पंचांग रचिलें होतें. तारीख दिली कीं तिथि सांगावयाची, एवढेंच त्याचें काम. गतवर्षीं बंधू निवर्तले. वर्षश्राद्ध जवळ आलें तेव्हां भावजय म्हणाली, “भाऊजी, छापील पंचांग घरांत आहेच, पण तिथि ह्यांच्याच पंचांगानें सांगावी असें फार मनांत आहे.” ही इच्छा मोडणें आमच्या जिवावर आलें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि उभा जन्म मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत गेलेला. तेव्हां पुतण्यास कामास बसविलें व आम्ही शेजारीं पाट मांडून पाहत राहिलों.

बंधूंचें पंचांग सी भाषेंत, पांच तुकड्यांत होतें. असा प्रत्येक तुकडा आधीं स्वतंत्रपणें यंत्राच्या भाषेंत उतरवितात. उतरलेल्या तुकड्यास ऑब्जेक्ट म्हणतात. चंद्राच्या तुकड्यास पदोपदीं ज्या लागते, म्हणजे गणिताचें ‘साइन’; पण ती त्या तुकड्यांत नसते. तेथें नुसतें नांव आणि रिकामी जागा असते. सर्व तुकडे एकापुढें एक मांडून, कोणतें नांव कोठें राहतें तें ठरवून, ह्या रिकाम्या जागा भरणाराचें नांव लिंकर. पुतण्यानें इतकें सांगतांच आम्हांस हायसें वाटलें. अहो, हा तर आमच्या नैयायिकांचा शाब्दबोध! ‘आणतो’ एवढेंच म्हटलें तर काय आणतो, कोण आणतो, ही जी ओढ उरते ती आकांक्षा. आणि लिंकर आकांक्षा पुरवितो.

जुन्या डिस्कवर चंद्राच्या तुकड्याचा मूळ लेख उरला नव्हता, ऑब्जेक्ट मात्र शाबूत होतें. अहर्गणाचा तुकडा समूळ गेला होता. तो पुतण्यानें नव्यानें लिहिला. जुनें ऑब्जेक्ट 32 बिटांचें व त्याचें उबुंटू 64 बिटांचें, म्हणून तसा इशारा आज्ञेंत घातला आणि बापाचीच जुनी आज्ञा चालविली. उत्तर आलें, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू साइन’. ज्या सांपडत नाहीं! पुतण्यानें गणिताचा ग्रंथ तपासला, तो जागेवर होता. रात्रीचे अकरा वाजले. “काका, बाबांचें ऑब्जेक्टच नासलें असेल,” असें तो म्हणाला तेव्हां त्याचा आवाज आम्हांस बरा वाटला नाहीं.

शाळेंत मुलगा अन्वयांत अडला कीं आम्ही त्याजकडून वाक्य मोठ्यानें म्हणवून घेत असूं. तेंच येथें केलें. “अरे, ती आज्ञा शब्दशः वाच.” त्यानें वाचली. गणिताच्या ग्रंथाचें नांव आरंभींच, तुकडे मागाहून. “हा लिंकर वाचतो कोणीकडून?” “डावीकडून उजवीकडे.” “मग ग्रंथ हातीं आला तेव्हां ज्या मागितली होती कोणी?” पुतण्या क्षणभर थांबला आणि कपाळावर हात मारून घेतला. 2005 सालीं हा क्रम खपत असे. 2011 च्या सुमारास उबुंटूनें नियम कडक केला, आणि वाचतेवेळीं ज्याची कोणास गरज नाहीं असा ग्रंथ लिंकर बाजूस ठेवूं लागला. संनिधि बिघडली होती, एवढेंच. ग्रंथ शेवटीं नेतांच जोडणी झाली.

पंचांग चाललें आणि तिथि सांगितली सत्तेचाळिसावी! तिथि तीसच, सूर्यापासून चंद्र बारा अंश पुढें सरला कीं एक. आतां लिंकर तर कांहींच बोलत नव्हता. ‘विस्तवानें झाड शिंपतो’ ह्या वाक्याचें व्याकरण निर्दोष आहे, नाहीं ती योग्यता. आणि सी भाषेंतले तुकडे जोडतांना लिंकर नांवापुरतें पाहतो, योग्यता पाहत नाहीं. बंधूंचा तुकडा अहर्गणाकडे आठ बाइटांचा अंक पाठवी, पुतण्याचा नवा तुकडा त्यांतले चारच वाची. नांव जुळलें म्हणून सोयरीक झाली! हें शोधण्यांत आमचा कांहीं हात नाहीं. पुतण्यानेंच पहांटे शोधलें.

दुसऱ्या दिवशीं त्याला हुरूप आला व त्यानें ‘मोल्ड’ नांवाचा नवा लिंकर मूळ लेखापासून घरींच बांधला. रुई उएयामा ह्या जपानी गृहस्थांची ही कृति. पहिली पक्की आवृत्ति डिसेंबर 2021 मधली. बांधतांना संगणकाचा पंखा घोंघावत होता. क्लँग नांवाचा प्रचंड ग्रंथ जोडावयास जुन्या ग्नू लिंकरास 42 सेकंद लागतात तेथें ह्यास दीड सेकंदही लागत नाहीं, असे आंकडे कर्त्यानें सोळा कोअरांच्या यंत्रावर घेऊन दिले आहेत. आमच्या पांच तुकड्यांना तें काय कळणार? मात्र बापाची जुनी, उलट्या क्रमाची आज्ञा मोल्डनें निमूट मान्य केली. पुतण्यास ह्याचें कौतुक वाटलें. आम्हांस जुना खडूस लिंकरच अधिक आवडला. तो रागावला नसता तर त्या रात्रीं काका-पुतणे इतका वेळ एका दिव्याखालीं बसले नसते.

सायंकाळीं भावजयीस बोलाविलें. तिनें स्वतः तारीख घातली. ‘वद्य पंचमी’ ही अक्षरें उमटलीं. तिनें छापील पंचांगाशीं तीं ताडून पाहिलीं नाहींत. पदर सावरून भटजींना निरोप धाडावयास आंत गेली.